डावी नाही, उजवी

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गाठ कुठल्या बाजूला आहे?" आणि बायकोनं तोंड उघडायच्या आत नवऱ्यानं उत्तर दिलं.

"डावीकडे."

गाठ उजवीकडे होती.

डावीकडची गाठ थोरलीची होती. थोरली म्हणजे या नवऱ्याची, मिस्त्रीची, पहिली बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण ती गेली याच दवाखान्यात, याच मजल्यावर, आणि मिस्त्रीच्या डोक्यात अजून तिचीच छाती बसलेली होती. समोर स्टुलावर बसली होती ती दुसरी. दुसरी हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. लग्न होऊन ती गल्लीत आली तेव्हा लोक तिला 'मिस्त्रीची दुसरी' म्हणायचे. पुढे लोकांना तेवढं बोलायचाही कंटाळा आला आणि नुसती 'दुसरी' उरली. भाजीवाल्यापासून सासूपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच.

"उजवी," दुसरी म्हणाली.

"नक्की ना?" डॉक्टरीणबाई अजून पोरसवदाच होत्या. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"छाती माझी आहे, बाई. मला विचारा. यांना त्यांच्या पहिलीची पाठ आहे."

 नर्सनं उगाचच पडदा सारखा केला. मिस्त्री कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "चुकलं. तोंडातून गेलं," एवढं पुटपुटला आणि पुढं सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसला.

तसं तिचं टाळकं आदल्या दिवशीच सरकलं होतं. अंघोळ करताना हाताला काहीतरी लागतंय, वाटाण्याएवढं, दाबलं तरी हलत नाही, हे तिनं त्याला सांगितलं. सांगायला बरेच दिवस लावले होते, मनात शंभर वेळा घोकलं होतं. तिला वाटलं, हा हादरेल. निदान "काय सांगतेस!" तरी म्हणेल. तो नुसता उठला, कपाटावर हात घातला आणि एक चेनची पिशवी खाली काढली. आत थर्मास, एक शाल, आणि एक छोटी उशी.

"तिथल्या बाकांना पाठ टेकवता येत नाही," तो म्हणाला. "उशी लागते."

एखादी बाई म्हणाली असती, काय गुणाचा नवरा. हिच्या पोटात आग पडली. याचं सगळं तयार होतं! जशी काही ती पिशवी वर बसून वाट बघत होती, की कधी एकदा हिला गाठ होते. तो हातपाय धुवायला गेल्यावर तिनं ती उशी हुंगून पाहिली. नुसता धुळीचा वास होता. तरी तिला त्यात केसांचं तेल सापडलंच.

आणि दवाखान्यात तर विचारूच नका. लोक बाणांच्या पाट्या बघत चुकत होते, आणि हा मधल्या जिन्यानं सरळ वर. कुठल्या नळाला गार पाणी येतं, कुठल्या खिडकीशी गर्दी कमी असते, सगळं माहीत. दारावरच्या म्हाताऱ्या वॉचमननं तर त्याला ओळखलं आणि हसून विचारलं, "काय मिस्त्री, किती वर्षांनी!" जावई सासुरवाडीत फिरावा तसा तो त्या दवाखान्यात फिरत होता. सासुरवाडी थोरलीची होती, आणि दुसरी मागून फरफटत चालली होती, लोकाच्या घरच्या कार्याला न बोलावता आल्यासारखी.

फोटो काढले, मग यंत्रावर गाठ पाहिली, मग सुई घालून तिचा तुकडा काढला. सुईच्या यंत्राचा खटका मोठ्यानं वाजला आणि दुसरी दचकली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रिपोर्ट शुक्रवारी. तोवर काही डोक्यात घेऊ नका.

डोक्यात घेऊ नका! डोकं काय पिशवी आहे, की घ्यायचं ते घेतलं आणि नाही ते ठेवून आलो?

दुसरी कामाला होती ती हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत. चादरी घडी करायचं काम दोघींचं असतं. समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन कोपरे धरायचे, झटका द्यायचा, मग एकमेकींकडे चालत यायचं आणि आपले कोपरे समोरचीच्या हातात द्यायचे. दिवसभर ह्याच येरझाऱ्या. दुसरीची जोडीदारीण होती तिला सगळे भोंगा म्हणत. ती कानात बोलली तरी वाफेच्या इस्त्रीपाशी उभ्या असलेल्या बाईला ऐकू जायचं.

"हात का वर जात नाही गं तुझा?" भोंग्यानं विचारलं.

"सुई घातलीय. तपासणीला."

"कुठं?"

दुसरीनं हनुवटीनं दाखवलं. भोंग्याचे कोपरे हातातच राहिले. मग ती चालत जवळ आली, आणि चादर मधे धरून, तिच्या मानानं अगदी हळू आवाजात म्हणाली, "अगं बाई." तीन टेबलांवरच्या बायकांनी माना वळवल्या.

"वाटाण्याएवढी आहे. शुक्रवारी कळेल."

"घाबरलीस?"

"त्याची नाही भीती एवढी." दुसरीनं चादरीला असा झटका दिला की टोक भोंग्याच्या नाकावर बसलं. "मला सांग, तुला अशी गाठ झाली, तर ती कुठल्या बाजूला आहे ते तुझ्या नवऱ्याला माहीत असेल की नाही?"

"माझ्या नवऱ्याला मी घरात आहे का बाहेर तेच माहीत नसतं. का?"

मग दुसरीनं डावी-उजवीची सगळी हकिकत सांगितली. पिशवीची, उशीची, वॉचमनचीसुद्धा. भोंगा आधी हसली. मग दुसरीचं तोंड बघून हसू गिळलं.

"हे बघ," ती म्हणाली, "मेलेल्या बाईशी कुस्ती धरू नको. ती पडत नाही. तिचा भात कधी करपत नाही, तिला कधी जाडी येत नाही, ती कुणाला उलटं बोलत नाही. तू काय करणार तिच्यापुढं?"

"तेच तर! जिवंत आहे म्हणून मी कमी."

"आधी गाठीचं बघ गं. सवत कुठं पळून जात नाही."

पण दुसरीला गाठीचा विचार करायचा म्हटला की थोरलीच आडवी यायची. स्वयंपाकघरातल्या फळ्यासुद्धा थोरलीच्या उंचीच्या होत्या. थोरली चांगली शिडशिडीत, लांब हातांची, दुसरी ठेंगणी. साखरेचा डबा काढायचा तर रोज पाटावर चढावं लागे. लग्नानंतर तिनं एकदा म्हटलं होतं, फळ्या जरा खाली घ्या. मिस्त्री हो म्हणाला होता. तो हो म्हणणारच; नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती. फळ्या होत्या तिथंच होत्या. आता पाटावर चढून उजवा हात वर केला की काखेपर्यंत ठणका जायचा, आणि दर ठणक्याला ती त्या मेलेल्या बाईला शिवी द्यायची. तोंडानं द्यायची, मनातल्या मनात नाही.

सासूला दिवसभर उद्योग नव्हता. तिचं बोलणं वाईट नसायचं, पण नको तिथं बरोबर जाऊन बसायचं.

"थोरली बिचारी एक अक्षर बोलली नाही गं त्या दुखण्यात," सासू म्हणाली. "आणि माझा पोरगा! अन्नाला शिवत नव्हता. ताट पुढं ठेवलं की उठून जायचा. महिनाभर दुकानाचं शटर वर गेलं नाही. हाडं वर आली होती त्याची."

"बरं," दुसरी म्हणाली.

"तुझं काही नसणार गं. तू दणकट आहेस."

"थोरली नाजूक होती."

"नाजूकच. फुलासारखी."

"आणि मी काय, ओंडका?"

"तसं कुठं म्हटलं मी?" सासू खरोखर बुचकळ्यात पडली.

त्या दिवसापासून दुसरी नवऱ्याच्या ताटावर डोळा ठेवून बसायला लागली. लाज वाटावी असली गोष्ट. शुक्रवारी आपण जगणार का मरणार ते कळायचं आहे, आणि ही बाई नवरा किती घास खातो ते बघतेय. पण तिच्या हातात दुसरं मोजमाप तरी कुठलं होतं? थोरलीसाठी हा उपाशी राहिला. आपल्यासाठी काय करतो ते दिसू दे.

मिस्त्री जेवला. पहिला भात घेतला, दुसरा घेतला. भाजी परत मागितली. ताटात एक शीत ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. दुकानाचं शटर सकाळी ठरल्या वेळी वर गेलं, संध्याकाळी ठरल्या वेळी खाली आलं. दुकान त्याचं मोटारी भरायचं. पंखा, मिक्सर, पाण्याचा पंप, जे जळेल त्यातली जुनी तार उपसून नवी तांब्याची तार गुंडाळायची. लक्षाचं काम. त्या कामात त्याचं लक्ष होतं म्हणजे बायकोत नव्हतं, असा हिशोब दुसरीनं करून टाकला. थोरलीसाठी महिनाभर शटर बंद, आणि माझ्यासाठी अर्धा तास नाही!

बुधवारी चपलांचा दुकानदार पंखा काखेत मारून थेट घरी आला.

"मिस्त्री, हे काय भरून दिलंत? उलटा फिरतोय! गिऱ्हाइकाला वारा नाही आणि छतावरची जळमटं मात्र उडतात."

मिस्त्रीनं पंखा हातात घेतला, तारांची टोकं पाहिली. "जोडणी उलटी झालीय माझ्याकडून," तो म्हणाला. "उद्या नेऊन लावतो."

"तुमच्याकडून?" दुकानदाराला ते खरंच वाटेना. "बापाच्या काळापासून पंखे भरताय की हो!"

दुसरी दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या मनात आलं ते असं: दवाखान्यात गेल्यापासून याला थोरली आठवतेय. त्या जिन्यावर, त्या नळापाशी परत भेटली असेल. माझ्या गाठीच्या निमित्तानं तिची भेट झाली! मत्सराचं हे असं असतं. पंखा उलटा फिरला तरी त्याचा वारा बरोबर तिच्याच अंगावर यायचा.

त्या संध्याकाळी तिनं भाजीत मीठ घातलं. एकदा घातलं, मग डाव उचलून आणखी घातलं, आणि मग रागानं मुठीनंच घातलं. बघू कसा जेवतो. सासूला आधीच वेगळं वाढून दिलं होतं. ती जेवून आतल्या खोलीत जाऊन पडली होती. दुसरीनं नवऱ्याला वाढलं आणि समोर बसून राहिली.

मिस्त्रीनं पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तोंड वाकडं नाही, पाण्याला हात नाही. यंत्रात कुणी काही टाकावं तसं चाललं होतं.

"भाजी कशी झालीय?" तिनं विचारलं.

"छान. वाढ अजून."

तिनं त्याच्या ताटातली चिमूटभर उचलून तोंडात टाकली आणि तिथल्या तिथं हातावर थुंकली. जीभ सोलून निघाली.

"अहो! हे माणसानं खायचं आहे?"

त्यानं ताटाकडे पाहिलं. "खारट आहे होय?"

"खारट? समुद्र आहे समुद्र! कळत नाही तुम्हाला?"

"नाही," तो म्हणाला. "चव जातेय कुठं कोण जाणे. दवाखान्यातून आल्यापासून नुसतं गिळतोय."

"मग गिळता कशाला? त्या वेळी उपाशी राहिला होतात म्हणे. तिच्यासाठी." शेवटचा शब्द ती चावूनच बोलली.

मिस्त्रीनं घास ताटात परत ठेवला. दुसरीला वाटलं, आता हा नेहमीसारखा उठून जाणार. तो उठला नाही.

"आई सगळ्यांना कौतुकानं सांगते ते," तो म्हणाला. "पुढचं तिला माहीत नाही. ऑपरेशनच्या दिवशी मला जिन्यातच भोवळ आली. पोटात काही नव्हतं ना. मला उचलून खालच्या मजल्यावर टाकलं, हाताला सलाइन लावलं. वर तिला आत नेत होते आणि ती मला शोधत होती. मला शोधत होती, आणि मी खाली पडलो होतो, पुरुषासारखा पुरुष, सलाइन लावून. बाईला कापायला नेतायत आणि हे महाशय झोपलेत." त्यानं नाक ओढलं. "या वेळी मी पडणार नाही. दोन वेळा पोटभर जेवायचं, दुकानात बसायचं, वेळेवर झोपायचं. शुक्रवारी जे काय सांगतील ते सांगू देत, मी उभा असणार. म्हणून खातोय. त्यात मीठ आहे का माती आहे ते मला विचारू नको."

आतल्या खोलीतलं सासूचं खोकणं मधेच थांबलं होतं.

दुसरीनं ताट उचललं. तिला रडू यायला हवं होतं, आणि ते आलंही थोडंसं. पण खोटं कशाला बोला, त्याच्याखाली ती जुनी आग तशीच होती, उलट जास्तच भडकली होती. म्हणजे हा माझ्यासाठी उभा राहायला शिकला तोही तिच्या अंगावर शिकून. चुका करायच्या त्या सगळ्या तिच्या वेळी केल्या. माझ्या वाट्याला सुधारलेली प्रत आली. तिच्यासाठी भोवळ, माझ्यासाठी शहाणपण. बाईला शहाणपण घेऊन काय करायचंय?

"वरण आहे," ती म्हणाली. "ते चांगलं आहे. ते खा."

त्यानं ते खाल्लं.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी दोघांना एकदमच आत बोलावलं. मिस्त्री खुर्ची असूनही बसला नाही. तिच्या पाठीशी उभा राहिला आणि हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला.  

"कॅन्सर नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साधी गाठ आहे. अशा गाठी पुष्कळ जणींना होतात. सहा महिन्यांनी एकदा दाखवून जा, मधे काही वाटलं तर लगेच या."

"म्हणजे काही नाही?" मिस्त्रीनं विचारलं.

"काही नाही."

"काहीच नाही?"

"काळजी करण्यासारखं काही नाही."

त्यानं तिसऱ्यांदा विचारलं, आणि डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा तेच सांगितलं, न रागावता. 

आणि दुसरीला त्या घडीला काय वाटलं? आनंद नाही. आनंद यायला थोडा वेळ लागला. आधी, सगळ्यात आधी, तिला वाटलं की आपण हरलो. शर्यतीत कुणी बाद केल्यासारखं. थोरलीची गाठ खरी होती. हिची गाठसुद्धा दुसरीच निघाली, हलक्या प्रतीची. हे मनात आलं आणि तिला स्वतःचीच इतकी किळस आली की ती उठून, "येतो आम्ही," असं कसंबसं म्हणून बाहेर पडली.

जिना उतरून दोघं रस्त्यावर आली. ऊन होतं, रहदारी होती, एक माणूस सायकलच्या दुकानासमोर चाकात हवा भरत होता. मिस्त्री काही न बोलता चालला होता. स्टॉप जवळ आला तसं तिला ते आत ठेववेना.

"एक सांगू?" ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई 'कॅन्सर नाही' म्हणाल्या ना, तेव्हा मला क्षणभर वाईट वाटलं."

"कशाचं?"

"असायला हवा होता असं वाटलं. म्हणजे मग थोरलीची आणि माझी बरोबरी झाली असती. तुमच्यापाशी."

मिस्त्री थांबला. फूटपाथच्या मधोमध थांबला, मागून येणारी बाई त्याच्यावर आदळता आदळता राहिली.

"काय म्हणालीस?"

"जे वाटलं ते म्हणाले."

"अक्कल आहे का तुला?" तो ओरडला. या माणसाचा असा आवाज तिनं लग्नापासून ऐकला नव्हता. हवा भरणारा माणूस पंपावर हात तसाच ठेवून बघायला लागला. "बरोबरी? कसली बरोबरी? मरायची? अगं, ती मेली! मेली ती! त्यात काय बक्षीस मिळालं तिला? मी इथं आठवडाभर मीठ खातोय, माती खातोय, रात्रंदिवस मनाशी म्हणतोय, हिला काही होऊ देऊ नको, ही एक राहू दे, आणि तू तिथं बसून... मूर्ख बाई! पुन्हा असलं तोंडातून काढलंस तर याद राख!"

वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. मिस्त्रीच्या कपाळावरची शीर ताठ झाली होती, तोंडातून थुंकी उडत होती, आणि दुसरी त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"थोरलीवर कधी ओरडला होतात असे?" तिनं विचारलं.

"कधीच नाही! तिनं असला गाढवपणा कधी केला नाही!"

"आवाजसुद्धा चढवला नव्हता?"

"नाही म्हटलं ना!"

"मग ओरडा अजून."

मिस्त्रीनं आ वासला. तोंडात गोळा केलेला सगळा राग तिथंच घोटाळला. बस आली, कुणीतरी चढलं, कुणीतरी उतरलं, कंडक्टरनं या दोघांकडे पाहिलं आणि बस निघून गेली.

"ओरडणारच!" तो शेवटी म्हणाला. "घरापर्यंत ओरडणार. तुला काय वाटलं, सोडीन?"

"सोडू नका," दुसरी म्हणाली, आणि ती मुद्दाम चार पावलं पुढं चालू लागली, म्हणजे त्याला आणखी मोठ्यानं ओरडावं लागेल.